मोहल्ल्याचा कारभार

जबलपूर हे नाव ऐकले की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम भेडाघाटचे संगमरवरी कडे उभे राहतात आणि धुवाधारचा प्रपात कानांत घुमू लागतो. त्यात नवल नाही. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. त्याच्याही आधी, इंग्रजी अंमल येण्यापूर्वी, नर्मदाकाठच्या ह्या मुलखावर काही काळ नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. नोकरीच्या, शिक्षणाच्या, वकिलीच्या निमित्ताने तिकडे गेलेली मराठी कुटुंबे आता पिढ्यान् पिढ्या तेथलीच झाली आहेत. परंतु आज मी आपणांस भेडाघाटला नेणार नाही. शहराच्या उत्तर अंगाला गोहलपूर नावाची दाट वस्ती आहे. तेथल्या एखाद्या अरुंद गल्लीत आपण माझ्याबरोबर घटकाभर उभे राहावे, एवढीच विनंती आहे.

जबलपूर हे विडीच्या धंद्याचे जुने केंद्र. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे ह्या धंद्याने मूळ धरले आणि आसपासच्या जंगलांतील तेंदूच्या पानांवर हजारो घरांची चूल पेटू लागली. गोहलपूर ही अशाच हातांवर पोट असलेल्यांची, विडी वळणारांची आणि विणकरांची वस्ती. सकाळची कामे उरकली की बाई उंबऱ्यापाशी येऊन बसते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दोऱ्याची गुंडी, कातरी आणि भिजवून मऊ केलेली पाने. पत्र्याच्या मापाने पान कापायचे, चिमूटभर तंबाखू घालून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. संध्याकाळी विड्या मोजून सट्टेदाराकडे न्यायच्या. त्याला पसंत न पडलेल्या बाजूला पडतात आणि त्यांची मजुरी बुडते. घरात उजेड बेताचा, म्हणून बाई उंबऱ्यावर बसते. शेजारीण समोरच्या उंबऱ्यावर बसते. मधून गल्ली जाते आणि गल्लीच्या कडेने उघडी मोरी जाते. पान दमट राहिले पाहिजे, पण फार भिजता कामा नये. तंबाखू कोरडी राहिली पाहिजे. मोरी तुंबली, पाणी उंबऱ्याला लागले, की त्या दिवसाचे काम थांबले आणि त्या दिवसाची मजुरीही थांबली.

नगरपालिकेच्या नकाशात हीच गल्ली दोन समांतर रेघांनी दाखविलेली असते. रुंदी इतकी, लांबी इतकी. नकाशा खोटा नसतो. पण गल्ली म्हणजे रहदारीची वाट, एवढेच तो सांगतो. ती गल्ली कारखानाही आहे, अंगणही आहे, मुलांचे खेळण्याचे मैदानही आहे आणि म्हाताऱ्यांची बैठकही आहे, हे त्या दोन रेघांत मावत नाही. ते ज्यांना ठाऊक आहे ती माणसे उंबऱ्यावर बसलेली आहेत. प्रश्न एवढाच की शहराचा कारभार करणारे लोक त्यांना काही विचारतात काय, आणि विचारलेच तर ऐकतात काय.

हा प्रश्न मी कोणाकडे बोट दाखविण्यासाठी विचारीत नाही. तो प्रथम मला स्वतःलाच विचारावा लागला आहे. उमेदीच्या वर्षांत मी एका लहान नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता होतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी गावे पुष्कळ आहेत. तेथील एका वस्तीत पावसाळ्यात पाणी शिरत असे, म्हणून पक्की मोरी बांधण्याचे काम माझ्याकडे आले. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मी दुर्बिणीने सपाटी घेतली, उतार काढला, आकडे मांडले. एक म्हातारी रोज माझ्याकडे पाहात बसे. एके दिवशी ती म्हणाली, "साहेब, पाणी ह्या अंगानं येत नाही. मागं पडकी विहीर आहे ना, तिकडनं येतं." मी हसून म्हटले, "आजी, आम्ही मोजून पाहिलंय." मोरी बांधून झाली, चांगली झाली, वरिष्ठांनी शाबासकीही दिली. आषाढातल्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी आले ते मागच्या अंगाने आले. माझ्या मोरीचा काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच होता. पूर्वी जे पाणी गल्लीतून वाहून जात असे, ते आता त्या काठाने बांध घातल्यासारखे अडविले आणि घरांत तुंबविले. दुसऱ्या दिवशी मी पाहावयास गेलो तेव्हा म्हातारी भिजलेली गोधडी पिळीत होती. ती मला काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "साहेब, जरा हे टोक धरा." मी टोक धरले. त्या गोधडीतून निथळलेले पाणी मी अजून विसरलेलो नाही.

माझे आकडे चुकीचे नव्हते. पण ते उन्हाळ्यात घेतलेले होते, आणि म्हातारीने चाळीस पावसाळे पाहिले होते. दोन्ही ज्ञाने एकत्र आली असती तर मोरी बरोबर झाली असती. आजच्या माझ्या भाषणाचा विषय म्हणजे ही दोन ज्ञाने एकत्र आणण्याची रीत.

ही रीत नवी नाही, आणि आपल्या देशात तिचा पाठ प्रथम घालून देणाऱ्यांपैकी एक पुरुष जबलपुरातच येऊन गेला होता. पॅट्रिक गेडीस हे त्याचे नाव. जन्म १८५४ चा, जात्या स्कॉटिश, शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ. लग्नानंतर लौकरच तो आणि त्याची पत्नी ॲना ही दोघे एडिंबरोच्या जुन्या भागातील एका गलिच्छ चाळीत मुद्दाम राहावयास गेली. तेथे त्यांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे ठेवली, पडक्या जागांच्या बागा केल्या. वस्ती सुधारावयाची तर तीत राहून सुधारावी, हा धडा त्याने आधी स्वतः गिरविला. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला आणि पुढील काही वर्षांत त्याने मद्रासपासून लाहोरपर्यंत अनेक शहरे पायी हिंडून पाहिली व त्यांविषयी अहवाल लिहिले. नागपूर, बडोदे, लखनौ ही नावे त्या यादीत आहेत. जबलपूरच्या नगरपालिकेसाठी त्याने लिहिलेला अहवाल १९१७ साली जबलपुरातच, हितकारिणी छापखान्यात, छापला गेला. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरशास्त्र ह्यांचे अध्यासन निघाले, तेव्हा त्यावर पहिली नेमणूक त्याचीच झाली.

त्या काळी जुन्या वस्त्या सुधारावयाच्या म्हणजे दाट घरांमधून सरळ रुंद रस्ता काढावयाचा, ही सर्वमान्य पद्धत होती. रस्ता होई, पण ज्यांची घरे पाडली ती माणसे शेजारच्या वस्तीत जाऊन अधिक दाटीने राहात. गेडीसने ह्यावर कडाडून टीका केली. त्याचे म्हणणे वैद्याच्या भाषेत सांगता येईल: आधी निदान, मग उपचार, आणि शस्त्रक्रिया करावीच लागली तर ती जपून करावी. शंभर घरे पाडून रस्ता काढण्यापेक्षा दोन पडकी घरे काढून तेथे मोकळी जागा करावी, झाड लावावे, विहीर स्वच्छ करावी, कोंडलेल्या गल्लीला वाट द्यावी. तंजावरच्या किल्ल्यातील वस्तीसाठी त्याने ह्या रीतीने जी योजना सुचविली, तिचा खर्च प्रचलित पद्धतीच्या योजनेच्या मानाने कितीतरी कमी होता. तलावांविषयीही त्याचे मत असेच होते. डास होतात म्हणून गावाचे तलाव बुजवू नयेत. ते स्वच्छ राखावेत, त्यांत मासे आणि बदके सोडावीत, कारण तलाव गावाला गारवा देतात. जबलपूरकरांना हे वेगळे सांगावयास नको. बावन्न तलावांचे गाव म्हणून ज्याची ख्याती होती, त्या गावातील लोक आजही आधारताल, राणीताल, चेरीताल ही नावे राणी दुर्गावती, तिचा मंत्री आधार आणि तिची दासी ह्यांच्याशी जोडून सांगतात. राणी १५६४ साली रणांगणावर पडली. ह्या जुन्या तळ्यांपैकी कित्येकांची आज नावेच उरली आहेत. पाणी गेले आणि त्यावर घरे आली.

गेडीसच्या आयुष्यातील १९१७ हे वर्ष विलक्षण आहे. एप्रिलमध्ये त्याचा मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. जूनमध्ये ॲना येथेच, हिंदुस्थानात, आजाराने गेली. त्याच वर्षी होळकरांच्या इंदुरात तो काम करावयास आला. गावात प्लेग होता, आणि लोकांना वाटे की हा दाढीवाला गोरा साहेब हातात नकाशा घेऊन फिरतो, हाच रोगराई आणतो अथवा घरे पाडावयास आला आहे. मुले त्याला पाहून पळत. तेव्हा त्याने काय केले, हे त्याच्या चरित्रकारांनी मोठ्या आवडीने सांगितले आहे. त्याने महाराजांकडून एका दिवसाची सत्ता मागून घेतली आणि जाहीर केले की ह्या दिवाळीला मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. जो मोहल्ला अधिक स्वच्छ, त्या मोहल्ल्यातून ती जाईल. सर्व गाव झाडू लागले. घरांतून आणि परसांतून हजारो गाड्या केर निघाला. मिरवणुकीत लक्ष्मी तर होतीच, पण घाणीचे राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीरही होता. शेवटी त्यांचे दहन झाले. आणि त्या मिरवणुकीत गावचे झाडूवाले पांढरे स्वच्छ कपडे घालून, गळ्यात हार घालून, हातांत नवे झाडू घेऊन मानाने चालत होते. घरोघर तुळशीची रोपे वाटली गेली.

श्रोतेहो, ह्या कथेत गंमत आहे, पण ती केवळ गमतीची कथा नाही. तुळशीवृंदावन असलेले अंगण बाई झाडून सारवून ठेवते, हे गेडीसने पाहिले होते. स्वच्छतेचा उपदेश करण्याऐवजी लोकांच्या घरी जी स्वच्छता आधीच नांदत होती, तिचा हात त्याने धरला आणि तिला उंबऱ्याबाहेर आणले. आणि ज्यांच्या हातांनी गाव स्वच्छ राहाते पण ज्यांना गाव शिवत नव्हते, त्यांना त्याने हार घातले. वर्षभरापूर्वीपर्यंत ज्याचे घर भरलेले होते आणि आता रिकामे झाले होते, त्या माणसाने परक्या गावात इतरांची घरे नांदती करण्यासाठी हा खटाटोप केला, ही गोष्ट मला त्या मिरवणुकीपेक्षाही मोठी वाटते.

स्वातंत्र्यानंतर हाच विचार अधिक पद्धतशीरपणे करून पाहण्यात आला. खेड्यांत सामुदायिक विकास योजना चालू होतीच. तशीच योजना शहरांत का नसावी, म्हणून दिल्लीत १९५८ साली महानगरपालिका स्थापन झाल्यानंतर लवकरच तिने नागरी सामुदायिक विकासाचा स्वतंत्र विभाग उघडला. फोर्ड प्रतिष्ठानाने त्यास साहाय्य दिले. विभागाचे समाजसंघटक दाट वस्त्यांत जाऊन राहिवाशांचे लहान लहान गट जमवीत, गट मिळून विकास मंडळ होई, आणि मंडळ आपल्या वस्तीचे काम आपण ठरवी. १९६२ साली अहमदाबादने आणि १९६७ साली हैदराबादने हाच मार्ग धरला. मार्शल क्लिनार्ड ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दिल्लीच्या प्रयोगाचा वृत्तान्त १९६६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्या साऱ्या अनुभवातून दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या. एक, लोक हात हालवावयास तयार असतात, परंतु त्यांनी गल्ली झाडून केराचा ढीग कोपऱ्यावर घातल्यानंतर नगरपालिकेची गाडी आली नाही, तर दुसऱ्या खेपेस ते हात हालवीत नाहीत. दुसरी, स्त्रियांना बाजूस ठेवून वस्तीचे कोणतेही काम टिकत नाही. कारण पाणी, मोरी, संडास, मुलांचे आजारपण हे सारे प्रथम त्यांच्याच वाट्यास येते.

ह्या दुसऱ्या गोष्टीचे उत्तम उदाहरण आपल्या पुण्याने दाखविले. १९९९ साली रत्नाकर गायकवाड हे पुण्याचे महानगरपालिका आयुक्त होते. झोपडपट्ट्यांतील सार्वजनिक संडासांची जी दशा असते ती सांगण्याची आवश्यकता नाही. ठेकेदार बांधून जातो, पाणी नसते, दारे मोडतात, वर्षा-दोन वर्षांत जागा वापरण्यायोग्य राहात नाही. आयुक्तांनी बांधकामाचे आणि पुढील देखभालीचे काम सेवाभावी संस्थांकडे देण्याचे ठरविले. 'स्पार्क' ही संस्था आणि तिच्याबरोबर काम करणारी 'महिला मिलन' ही झोपडपट्टीतील स्त्रियांची संघटना ह्यांनी त्यांतील पुष्कळ काम अंगावर घेतले. काही संडास तर स्त्रियांनी स्वतः ठेके घेऊन, मजूर लावून बांधून घेतले. अधिकारी, अभियंते आणि संस्था ह्यांच्या नेमाने बैठका होत. अडलेले काम तेथेच सुटे. दोन-तीन वर्षांत ४०० हून अधिक संडासगृहे आणि १०,००० हून अधिक बैठका उभ्या राहिल्या. त्याआधीच्या तीस वर्षांत झाले नव्हते एवढे काम त्या अल्प काळात झाले.

पण संख्येपेक्षा रचना पाहा. स्त्रियांनी सांगितले की सार्वजनिक संडासाच्या रांगेत लहान मुलाला मोठी माणसे मागे ढकलतात, आणि आतला अंधार व मोठे भोक पाहून मूल भिते. म्हणून ते बाहेर रस्त्यावर बसते. तेव्हा मुलांसाठी वेगळ्या, लहान बैठका केल्या गेल्या, धरावयास कडी लावली गेली. स्त्री-पुरुषांच्या रांगा वेगळ्या झाल्या. राखणदाराच्या कुटुंबाला राहण्यासाठी खोली काढण्यात आली, म्हणजे जागेवर कोणाचे तरी लक्ष राहील आणि पाणी-वीज बंद पडल्यास ओरड होईल. प्रत्येक कुटुंबाने महिन्याचा अल्प पास काढावा आणि त्यातून देखभाल चालावी, असे ठरले. श्रोतेहो, ह्यांतील एकही गोष्ट स्थापत्याच्या पाठ्यपुस्तकात नव्हती. ती आयांना ठाऊक होती, आणि त्यांना कोणी विचारले म्हणून ती विटांत उतरली.

ह्याच्या उलट उदाहरणही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. इंदुरात १९९० च्या सुमारास झोपडपट्ट्यांना रस्ते, पाणी आणि भूमिगत मलवाहिन्या देऊन त्या शहराच्या जाळ्यात गुंफण्याची एक योजना झाली. कल्पना उत्तम होती. तिला १९९८ साली आगाखान वास्तुकला पारितोषिकही मिळाले. तथापि पुढे ज्यांनी त्या वस्त्यांत जाऊन पाहिले, त्यांतील काहींनी अशी टीका केली की अनेक ठिकाणी वाहिन्या तुंबल्या, आणि घरांनी जोडण्या घेतल्या नाहीत. नळ्या जमिनीत पुरल्या होत्या. परंतु त्या कशा राखावयाच्या आणि कोणी राखावयाच्या, हा करार लोकांशी पुरेसा झाला नव्हता. त्याच इंदुराने पुढे घरोघर ओला आणि सुका केर वेगळा घेण्याची शिस्त बसविली. मोहल्ल्यामोहल्ल्यात समजावणी केली, गाड्या ठरल्या वेळी दारी नेल्या, आणि २०१७ पासून ओळीने अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळविला. गेडीसच्या त्या मिरवणुकीस २०१७ साली शंभर वर्षे झाली होती. मी त्यात कार्यकारणभाव दाखवू इच्छीत नाही. परंतु एकाच शहराने दोन्ही धडे दिले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आता पुन्हा गोहलपुरात येऊ. जबलपुरात १९५० साली महानगरपालिका झाली. २०१६ साली केंद्र सरकारच्या 'स्मार्ट सिटी' योजनेच्या पहिल्याच यादीत शहराचे नाव आले. त्याच वर्षी कठौंदा येथे केर जाळून वीज करणारा कारखाना उभा राहिला. दिवसाला ६०० टन केर घेण्याची त्याची क्षमता ठरविलेली होती. मोठी यंत्रे आवश्यकच आहेत. पण ६०० टनांतील पहिली मूठ गोहलपूरसारख्या वस्तीतील एखाद्या उंबऱ्यावर उचलली जाते. तेंदूच्या पानांचे कातरण मोरीत जावे की टोपलीत जावे, हा निर्णय यंत्र करीत नाही. तो बाई करते. आणि टोपली वेळेवर रिकामी होईल, असा भरवसा असला तरच ती तो करते.

अशा वस्तीत नगरपालिकेने पथक पाठवावयाचे तर ते कसे असावे? माझ्या मते त्यात अभियंता असावा, आरोग्य निरीक्षक असावा, आणि एक तरी स्त्री समाजसेविका असावी, कारण उंबऱ्यापलीकडचे बोलणे तिच्याशीच होईल. त्यात त्या वस्तीत रोज झाडणारा सफाई कामगारही असावा. मोरी कोठे तुंबते हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते, आणि नेमके त्यालाच बैठकीला कोणी बोलावीत नाही. पथकाने एकदा भर पावसात वस्ती हिंडावी. सभा दुपारी कचेरीत न भरविता, विड्या देऊन झाल्यावर, गल्लीतच भरवावी. पहिल्या महिन्यात एक तरी लहान काम पुरे करून दाखवावे: एक फुटकी झाकणी, एक बंद दिवा, एक गळका नळ. मोठ्या आराखड्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. दुरुस्त झालेल्या दिव्यावर बसतो. किती पैसे आले आणि कोठे गेले, हे गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर लिहून ठेवावे. आणि काम संपल्यानंतर पथक निघून गेले तरी कोणाकडे तक्रार न्यावयाची, त्या माणसाचे नाव लोकांना माहीत असावे.

ह्यावर आक्षेप घेतले जातील, आणि ते निराधार नाहीत. पहिला आक्षेप असा की वस्तीचे म्हणणे म्हणजे कोणाचे म्हणणे? मोहल्ल्यात चार आवाज मोठे असतात, तेच सभेत ऐकू येतात. घरमालक बोलतो, भाडेकरू गप्प बसतो. हे खरे आहे. म्हणूनच केवळ सभा घेऊन भागत नाही. घरोघर जाऊन विचारावे लागते. ज्याचा आवाज लहान त्याच्या दारी अधिक वेळ बसावे लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकसहभागाच्या नावाखाली नगरपालिका आपले कर्तव्य लोकांच्या गळ्यात तर घालीत नाही ना? श्रीमंत वस्तीत मलवाहिनी घालताना कोणी राहिवाशांकडे श्रमदान मागत नाही. मग ते गरिबांकडेच का मागावे? ह्या आक्षेपाला उत्तर एकच. पाणी, मलनिःसारण, केराची वाहतूक हे कर भरणाऱ्या आणि न भरू शकणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे देणे आहे. त्यात सवलत मागू नये. लोकांकडे मागावयाचा तो सल्ला आणि देखरेख. नगरपालिकेची जबाबदारी मागावयाची नाही. तिसरा आक्षेप हा की वस्ती सुधारली की भाडी वाढतात आणि जिच्यासाठी सुधारणा केली तीच बाई पुढच्या वर्षी अधिक लांबच्या, अधिक वाईट वस्तीत गेलेली असते. हे भय खोटे नाही. ज्या सुधारणेत भाडेकरूच्या राहण्याचा विचार नाही, ती सुधारणा जमिनीची होते. माणसांची होत नाही.

कायद्याने आपले काम पुष्कळ सोपे केले आहे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद झाली. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी आपल्या भागातील लहान कामे अंदाजपत्रकासाठी सुचवावीत, अशी पद्धत सुरू झाली. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधील राहिवाशांनी १९९० च्या दशकात आपल्या गल्लीचा केर आपण वेगळा करण्यास आरंभ केला, आणि त्यातून महानगरपालिकेने राहिवाशांच्या परिसर-मंडळांची योजना शहरभर नेली. साधने आहेत. परंतु समिती कागदावर असणे आणि समितीचा माणूस गुडघाभर पाण्यात उभा असणे ह्यांत अंतर आहे, आणि ते कायद्याने मिटत नाही.

१९९७ च्या मे महिन्यात, २२ तारखेच्या पहाटे, जबलपूर भूकंपाने हादरले. सुमारे चाळीस माणसे दगावली, आणि हजारो घरांना तडे गेले. अशा रात्री मदतीची गाडी येण्यापूर्वी शेजारी येतो. कोणाच्या घरात म्हातारे माणूस आहे, कोणाची सून बाळंतीण आहे, कोण कोठे झोपते, हे त्याला विचारावे लागत नाही. मोहल्ल्याचे हे ज्ञान संकटाच्या रात्री आपण सर्वजण मानतो. ते रोजच्या दिवसासही मानावे, एवढेच माझे मागणे आहे.

श्रोतेहो, आपण ज्या गावात, ज्या शहरात असाल तेथेही एखादे गोहलपूर असेलच. उद्या कोणी मोजमापाची साखळी घेऊन तेथे आला, तर त्याला उन्हात उभा ठेवू नका. पाणी द्या, सावलीत बसवा आणि पाणी कोणत्या अंगाने येते ते सांगा. आणि साखळी घेऊन जाणारे आपणच असाल, तर वही उघडण्यापूर्वी उंबऱ्यावरच्या म्हातारीपाशी घटकाभर बसा. तिचे बोलणे संपेपर्यंत ऐका. मला ती घटका सुचली नाही. म्हणून नंतर गोधडीचे टोक धरावे लागले.